राखून ठेवलेला

सात नंबरच्या बराकीत अर्ज मी लिहितो.
लष्करातल्या मराठी शाळेत एकवीस वर्षं
ऱ्हस्वदीर्घ शिकवलं,
इथं हिंदीत लिहितो : महोदय, सविनय निवेदन है.
एका अर्जाला दोन बिड्या. नवा असेल त्याला फुकट.
मी ओढत नाही. बिड्या देऊन गूळ घेतो.

हरगोविंद कुशवाहचं अपील दाखल होऊन तेरा वर्षं झाली.
खालच्या कोर्टाचे कागद भिंडहून निघालेत म्हणे,
ते आले की पेपरबुक, पेपरबुक झालं की सुनावणी.
भिंडहून म्हशी हाकत आणल्या असत्या
तरी तिसऱ्या दिवशी पोचल्या असत्या, तो म्हणतो.
तो म्हशींचाच माणूस. त्याला अंतर कळतं.

इदरीसचं प्रकरण बोर्डावर लागतं.
एकेचाळीसवरून सरकत सरकत
चार वाजेपर्यंत नवव्या नंबरावर येतं
आणि कोर्ट उठतं.
तारीख पडली, म्हणतात.
पडतेच आहे ती.
उठून उभी राहिलेली कुणी पाहिली नाही.

बलकारसिंग किल्ल्याकडे बोट करतो.
किल्ला दिसत नाही, भिंत आड येते,
पण दिशा बरोबर असते.
तिथं एका गुरूंना सोडलं तेव्हा ते म्हणाले, एकटा जाणार नाही.
बादशहा म्हणाला, जेवढे तुमच्या अंगरख्याचं टोक धरतील
तेवढे न्या.
मग बावन्न टोकांचा अंगरखा शिवला गेला.

बराक गप्प.
इदरीस पेशानं शिंपी.
आम्ही त्र्याण्णव जण. कापड किती लागेल
ते तो हवेत वितीनं मोजू लागला.

मुन्शी जाटव आषाढात गेला, दवाखान्याच्या खाटेवर.
भाद्रपदात त्याचा आदेश आला.
शिपाई कागद घेऊन उभा : पोच कोण देणार?
मला बोलावलं, कारण मी लिहितो.
मी लिहिलं, बंदी हजर नाही.
आदेशात ‘निर्दोष’वरचा रफार सुटला होता.
पेन्सिलीनं घातला.
कुणाला कळलं नाही. कळून तरी काय.

माझं ऐकून झालंय. गेल्या चैत्रात, दोन्ही बाजू.
भेटीच्या जाळीपाशी वीस जण एकदम ओरडत होते,
वैजयंतीचे ओठ हलले, मला एवढंच ऐकू आलं :
बाबा, राखून ठेवलाय.

आणि मला काय आठवावं?
दौलतगंजातून शिकवण्या आटोपून उशिरा यायचो,
ओट्यावर दोन पोळ्या, वाटीत मेथीची भाजी,
वर ताट, ताटावर पाण्यानं भरलेला तांब्या,
मांजरानं तोंड घालू नये म्हणून.
राखून ठेवणं म्हणजे आमच्याकडे तेवढंच :
अजून यायचाय, त्याच्यासाठी.

दहा महिने झाले.
अन्न असतं तर फेकलं असतं.

ते ताट झाकणारी वैजयंतीची आई.
तिच्याच मरणासाठी मी इथं आहे.
त्या रात्री काय झालं ते मी एकदा सांगितलं,
मग वकिलानं सांगितलं, मग सरकारी वकिलानं,
आता माझं कुठलं होतं
ते मलाही सुटं काढता येत नाही.

वैजयंती दर महिन्याला येते.
गजक आणते, बाहेर तपासताना पहारेकरी तिचा चुरा करतात.
चुरा जाळीखालच्या फटीतून सरकवते.
वकिलाची फी, थंडी, माझे गुडघे, सगळं विचारते.
ते एक विचारत नाही.
तिनंही राखून ठेवलाय.
न्यायमूर्तींचा आधी येईल की तिचा,
आणि दोन्ही एकच असतील का,
याचा अर्ज कुणाकडे करायचा?

स्वतःसाठी एकदा मराठीत लिहायला बसलो.
चि. वैजयंतीस, अनेक आशीर्वाद.
त्यापुढे तीन ओळी खोडल्या.
कागद इथं मोजून मिळतात.

बाहेर धुकं आहे, सकाळची गिनती लांबली.
हरगोविंद आलाय, मुठीत दोन बिड्या.
पेपरबुकासाठी. नववा अर्ज.
भिंडमधला भ नीट काढ, म्हणतो,
गेल्या वेळी त्यांनी म वाचला असेल.